साखर खाल्ली की पुरावा गेला

प्रिय मित्रा,

अक्षर वाकडं आलंय, पण काळजी करू नकोस. उजव्या हाताला सुई लावून ठेवली आहे आणि तिच्यावरच्या पट्टीमुळे मनगट वळत नाही, एवढंच. काल रात्री ८ वाजता जेवलो. त्यानंतर पोटात फक्त पाणी. आता बाविसावा तास चालू आहे, एकूण ७२ काढायचे आहेत. तू म्हणशील, उपाशी राहायला दवाखान्यात दाखल कशाला व्हायचं, ते तर घरीही जमतं. उपाशी राहणं जमतं रे. पण साखर खाली गेली तर त्याच क्षणी रक्त काढायला घरी कोण आहे? इथंच तर घोडं पेंड खातंय.

दोन वर्षं तुला हे सगळं फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगत आलोय. आज सलग सांगतो. वेळ आहे, आणि वाचायला आणलेल्या पुस्तकाची तीच ती ओळ मी तीनदा वाचतोय.

जेवून दोन-तीन तास झाले की सुरू होतं. आधी ओठांना आणि जिभेच्या शेंड्याला मुंग्या येतात. मग मानेच्या मागे गार घाम, छातीत धडधड, आणि हात असे कापतात की शर्टाचं बटण काजात जात नाही. आणि भूक. आपली नेहमीची भूक नव्हे, मध्ये कुणी आलं तर त्याला ढकलून डबा उघडावा अशी. दोन चमचे साखर तोंडात टाकली की दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं. मागे उरतं ते जड झालेलं डोकं आणि घरच्यांवर उगाच खेकसल्याची लाज. कधी आठवड्यात तीनदा होतं, कधी दीड महिना काहीच नाही.

पहिल्या डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर बघितली, ८८. जेवणानंतरची ११२. "तुम्हाला डायबेटिस नाही," म्हणाले. मी आहे असं म्हटलंच कुठे होतं! मग चष्मा कपाळावर चढवून, "टेन्शन फार घेता का?" आता या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. झोपेची गोळी मिळाली.

दुसऱ्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला दिलं आणि पाच तास बसवून ठेवलं. चौथ्या तासाला साखर ५२ आली. कागदावर 'रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया', म्हणजे खाल्ल्यानंतर काही तासांनी साखर उतरणं, असं लिहून दिलं. मी इतका खूश झालो होतो, आठवतं तुला? आजाराला नाव मिळालं म्हणजे अर्धा आजार गेला, असं वाटलं होतं. वर्षभर ते नाव छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं. दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहिलो आणि पाच किलो वाढलो. झटके होते तसेच.

आताच्या डॉक्टरीणबाई हॉर्मोन्सच्या तज्ज्ञ. त्यांनी तो कागद वाचला आणि बाजूला सरकवला. नुसतं ग्लुकोजचं पाणी पाजलं तर ठणठणीत माणसांतही काहींची साखर नंतर ५०च्या आसपास उतरते, त्यावरून निदान करायचं नसतं, म्हणाल्या. "तुम्ही रोज जेवणाऐवजी ग्लुकोजचं पाणी पिता का?" मला राग आला, हे लपवत नाही. वर्षभराचा बिल्ला बाईंनी एका वाक्यात काढून घेतला.

पण पाऊण तास ऐकून घेणाऱ्या त्या पहिल्याच. पोटाचं काही ऑपरेशन झालंय का, दारू किती, कुठल्या गोळ्या, ताकदीच्या म्हणून कुठल्या पुड्या घेता का, घरात कुणाला डायबेटिस आहे का. वडिलांना आहे म्हटल्यावर त्या पुढे झुकल्या. त्यांच्या गोळ्या कुठे ठेवता? तुमच्या शेजारीच? डायबेटिसच्या काही गोळ्या इन्सुलिन पाझरायला लावतात. त्यातली एखादी चुकून पोटात गेली तरी माझ्यासारखंच चित्र दिसतं, आणि अशा अदलाबदली होतात. त्या दिवशी घरी येऊन मी दोघांच्या डब्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या. सकाळचं कॉर्टिसॉल, थायरॉइड, यकृत, किडनी, सगळं तपासून झालं. ठीक.

मग त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. १९३०च्या दशकात ॲलन व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन ओतणाऱ्या गाठीसाठी ऑपरेशन कुणाचं करावं आणि कुणाचं नाही हे ठरवायला घालून दिलेल्या. त्रास साखर उतरल्यासारखा हवा, त्याच वेळी रक्तातली साखर खरोखर कमी हवी, आणि साखर वर गेली की त्रास जायला हवा. तिन्ही एका वेळी जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. डायबेटिस नसलेल्या माणसात कमी म्हणजे ५५च्या खाली.

पहिली आणि तिसरी माझ्याकडे भरपूर आहे. मधली नाही. कारण झटका आला की मी साखर खातो, आणि साखर खाल्ली की पुरावा गेला. चोर पळून गेल्यावर दरवेळी चौकीत जायचं आणि हवालदाराने विचारायचं, चोर कुठंय?

एकदा मी हट्टाने काहीच खाल्लं नाही. थरथरत, भिंतीला धरत लॅबमध्ये गेलो, रक्त दिलं आणि तिथेच पायरीवर बसून साखर खाल्ली. रिपोर्ट आला ४३. मी तुला फोन करून अक्षरशः ओरडलो होतो, "सापडली!" बाईंनी विचारलं, कुठल्या रंगाच्या झाकणाची नळी होती? रक्त किती वाजता काढलं, मशीनला किती वाजता लावलं? चौकशी केली तर साडेबाराला काढलेलं रक्त साध्या नळीत पाच वाजेपर्यंत तसंच पडून होतं. रक्तातल्या पेशी नळीतही जिवंत असतात बाबा, त्या आपल्या साखर खात राहतात, तासाला साधारण पाच-सात टक्के. म्हणून करड्या झाकणाची, फ्लोराइडची नळी लागते आणि रक्तातल्या पेशी लवकर वेगळ्या कराव्या लागतात. हिशेब मागे नेला तर माझे ४३ येतात ५७च्या घरात. म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. पुरावा या खेपेला मी खाल्ला नव्हता, माझ्याच रक्ताने खाल्ला.

घरचं ग्लुकोमीटरही साक्षीला चालत नाही. १००च्या खाली ते १५ने इकडेतिकडे होणं नियमात बसतं. ते ६१ म्हणालं तर खरी साखर ४६ही असेल किंवा ७६ही. डायबेटिसवाल्याला दिवसाची दिशा कळायला पुरतं, मला पुरत नाही. मग दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावून बघितला. तिसऱ्या रात्री २ वाजता तो केकाटला, ५८! ही धडपडत उठली, दिवा लावला, बोट टोचलं, तर ९१. त्या कुशीवर झोपलो की सेन्सर दाबला जातो आणि खोटा आकडा देतो, हे नंतर कळलं. तीन रात्री असंच. चौथ्या रात्री हिने शांतपणे सांगितलं, एक तर तो या खोलीत झोपेल किंवा मी.

गाडी चालवणं मी सोडलंय, ते तुला माहीत आहे. का सोडलं हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्याकडे येतो.

(दुसऱ्या दिवशी, एकेचाळिसावा तास)

भूक मेली आहे. तोंडाला नेलपॉलिशसारखा वास येतोय. शरीर चरबी जाळायला लागलं की येतो, सिस्टर म्हणाल्या, बरं लक्षण आहे. दर सहा तासांनी रक्त काढतात, साखर ६०च्या खाली गेली की दर तास-दोन तासांनी काढतील. नुसतं पडून राहायचं नाही, वऱ्हांड्यात फेऱ्या मारायच्या. आणि दर खेपेला सिस्टर गणित घालतात, १०० मधून ७ वजा करत चला. ९३, ८६, ७९, ७२... शाळेत मला गणितात कधी कुणी एवढ्या आस्थेने तपासलं नव्हतं.

आता जे लिहितोय ते हिलाही सांगितलेलं नाही. पहाटे मला झटका आला. तोच, ओळखीचा. घाम, धडधड, हात कापायला लागले. मी घंटी दाबली आणि सिस्टर रक्त काढत होत्या तेव्हा डोळे मिटून मनात म्हणत होतो, खाली जा, ४०च्या खाली जा. ऐकतोयस ना? आपल्या शरीराचं वाईट व्हावं म्हणून मी प्रार्थना करत होतो. दोन वर्षं लोकांना पटवून पटवून माणूस कुठे येऊन पोचतो बघ.

आकडा आला ७४.

सिस्टर काही बोलल्या नाहीत, फक्त पांघरूण नीट केलं. अर्ध्या तासाने सगळं आपोआप ओसरलं, साखरेचा कणही न खाता. मी छताकडे बघत पडलो. पहिले डॉक्टर डोळ्यांसमोर आले, चष्मा कपाळावर चढवून.

सकाळच्या राउंडला बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. घाम, धडधड आणि कापरं हे ॲड्रेनलिनचं काम, म्हणाल्या. साखर उतरली तरी ते सुटतं आणि भीती वाटली तरी. दोन वर्षं ज्या झटक्याला भ्यायलात, त्याची नुसती चाहूल लागली तरी शरीर घंटा वाजवतं. म्हणजे सगळेच झटके भीतीचे होते का? तसं नाही, म्हणाल्या, काही साखरेचे असतील, काही भीतीचे असतील, आणि दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतात. हे वाक्य मला कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

(घरी, सहा दिवसांनी)

७२ तास पुरे झाले. शेवटची साखर ६१, डोकं शाबूत, वजाबाकी बिनचूक. शेवटी ग्लुकॅगॉनचं, म्हणजे यकृतातली साखर बाहेर काढणाऱ्या हॉर्मोनचं इंजेक्शन दिलं, १ मिलिग्रॅम. त्याने अर्धा तास मळमळलं, पण साखर जेमतेम ९ने चढली. यकृतातला साठा आधीच संपलेला, म्हणून. इन्सुलिन लपूनछपून जास्त पाझरत असतं तर त्याने तो साठा अडवून ठेवला असता आणि इंजेक्शनसरशी साखर निदान २५ने वर गेली असती. इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडचे (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्यासोबत सुटणारा तुकडा) रिपोर्ट काल आले, दोन्ही तळाला, जसे उपाशी माणसाचे असायला हवेत. स्वादुपिंडात इन्सुलिन ओकणारी गाठ असण्याची शंका जवळजवळ मिटली. ही रडली. मीही आनंदाचा चेहरा केला.

खरं सांगू, आतून रिकामं वाटलं. गाठ असती तर ती काढता आली असती. बहुतेक अशा गाठी साध्या असतात, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान. काढली की माणूस बरा. मी तिची मनातल्या मनात वाटच बघत होतो म्हण ना.

आता पुढची पायरी. माझे झटके उपाशीपोटी नाही, जेवणानंतर येतात. म्हणून ज्याने त्रास होतो तसंच साधं जेवण जेवायचं आणि पाच तास दवाखान्यात बसून दर अर्ध्या तासाने रक्त द्यायचं. करड्या झाकणाची नळी, मी स्वतः बघणार आहे. तारीख पुढच्या महिन्यात मिळाली आहे.

आणि इथे मला तू लागणार आहेस. कापरं आणि घाम यांना आता माझ्या फाइलीत फारशी किंमत उरलेली नाही. पण डोकं बंद पडलं असेल, माणूस असंबद्ध बोलला असेल, त्याला नंतर आठवत नसेल, तर ते वेगळं. ते नुसत्या भीतीने सहसा होत नाही. मेंदूला साखर कमी पडली तर होतं, किंवा आणखी कशाने, फिटसारखं काही, तेही बघावं लागेल. असं माझ्या बाबतीत एकदाच झालं, आणि तेव्हा तिथे फक्त तू होतास.

गाडीच्या चाव्यांचा दिवस. मला आठवतं ते इतकंच की आपण निघायच्या तयारीत होतो, आणि त्यानंतर थेट जमिनीवर बसलोय, तोंडात साखर आहे आणि तू माझी हनुवटी धरली आहेस. मधलं सगळं कोरं. मी तुला चोर म्हटलं, शिवी दिली, एवढं तू नंतर ओझरतं बोललास आणि हसण्यावारी नेलंस. तू मला त्या दिवशी वाचवलंस यात शंकाच नाही. पुरावाही तूच भरवलास, पण त्याबद्दल माफ केलं.

तर आता हसण्यावारी नेऊ नकोस, लिहून दे. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. किती वाजले होते. जेवून किती वेळ झाला होता. माझी नजर कशी होती, तुला ओळखत होतो का. शब्द अडखळत होते की नीट पण भलतेच. अंग ओलं होतं का, हातपाय झटकले का, जीभ चावली होती का. साखर किती घातलीस आणि किती मिनिटांनी मी माणसात आलो. जिथे आठवत नसेल तिथे आठवत नाही असंच लिही, अंदाज नको, बाईंनी हे मुद्दाम सांगितलंय.

आणि चाव्या शेवटी कुठे सापडल्या, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तेही लिही.

तुझाच