‘सॅफ’ स्पर्धा फिफा विंडोतच घ्यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या पुरुषांच्या स्पर्धेचा, म्हणजे ‘सॅफ’चा विषय निघाला की क्रीडापानावर दोन वाक्ये ठरलेली असतात. भारत नऊ वेळा विजेता आहे, आणि पुन्हा जिंकला तर फिफा क्रमवारीत वर सरकेल. पहिले वाक्य बिनचूक आहे: १९९३, १९९७, १९९९, २००५, २००९, २०११, २०१५, २०२१ आणि २०२३. दुसऱ्यात गफलत आहे. ती उलगडली की ही स्पर्धा कधी भरवावी आणि कशी खेळवावी, या मूळ प्रश्नाशी आपण येतो.

फिफाची सध्याची पद्धत तशी सोपी आहे. प्रत्येक सामन्याला एक वजन असते. प्रत्यक्ष निकालातून अपेक्षित निकाल वजा करायचा, उत्तराला त्या वजनाने गुणायचे आणि आलेला आकडा संघाच्या गुणांत मिळवायचा किंवा त्यातून कापायचा. विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य. टायब्रेकरवर (पेनल्टी शूटआउटमध्ये) जिंकणाऱ्याला ०.७५ मिळतात, हरणाऱ्याला बरोबरीइतकाच अर्धा. अपेक्षित निकाल दोन संघांच्या गुणांतील फरकावरून निघतो. फरक १५० असेल तर वरच्या संघाकडून ०.६४ अपेक्षित, ३०० असेल तर ०.७६.

आता वजनाकडे पाहू. आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेतील साखळी सामन्याला ३५, पात्रता सामन्याला २५, फिफा विंडोतील (म्हणजे राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी फिफाने राखून ठेवलेल्या दिवसांतील) मैत्रीपूर्ण सामन्याला १० आणि विंडोबाहेरच्या मैत्रीपूर्ण सामन्याला फक्त ५. ‘सॅफ’चे सामने, अगदी अंतिम सामनासुद्धा, याच शेवटच्या दोन रकान्यांत मोजले जातात. म्हणजे १५० गुणांनी खाली असलेल्या संघाला भारताने हरवले, तर विंडोत ३.६ गुण आणि विंडोबाहेर १.८. तोच विजय पात्रता सामन्यात मिळाला तर ९. बरोबरी झाली तर विंडोत १.४ गुण जातात. हरलो तर ६.४. दक्षिण आशियात भारत बहुतेक वेळा वरचा संघ म्हणून उतरतो, त्यामुळे जिंकून मिळते थोडे आणि हरून जाते बरेच.

२०२३ ची बेंगळुरूची स्पर्धा या हिशेबाने पाहावी. ती २१ जूनला सुरू झाली आणि त्या महिन्याची विंडो २० जूनलाच संपली होती! सगळी स्पर्धा ५ च्या वजनाने खेळली गेली. उपांत्य फेरीत लेबनॉनला ४-२ आणि अंतिम सामन्यात कुवेतला ५-४ असे (हे दोघे पाहुणे संघ होते) दोन्ही वेळा आपण टायब्रेकरवर हरवले. प्रतिस्पर्ध्यापेक्षा आपण १०० गुणांनी वर आहोत असे धरले, तर अशा टायब्रेकर विजयाची कमाई साधारण पाऊण गुण होते. २९ जूनच्या यादीत भारत १०० वा होता, २० जुलैच्या यादीत ९९ वा. कंठीरवाच्या मैदानावरचा तो जल्लोष योग्यच होता, पण पुढच्या जानेवारीत कतारच्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांशी आपण हरलो आणि एकही गोल करू शकलो नाही. तिथे वजन ३५ होते.

उलट उदाहरण ढाक्याचे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात बांगलादेशने भारताला १-० ने हरवले. त्यांचा भारतावरचा याआधीचा विजय २००३ च्या ‘सॅफ’च्या उपांत्य फेरीतला. १५० गुणांचा फरक धरला तर पात्रता फेरीतल्या अशा पराभवाची किंमत १६ गुण होते. पुढच्या यादीत भारत १४२ वर गेला.

गुणांपेक्षा मोठा मुद्दा खेळाडूंचा आहे. फिफाच्या नियमानुसार क्लबने खेळाडूला राष्ट्रीय संघासाठी सोडण्याची सक्ती फक्त विंडोपुरती आणि विश्वचषक, आशियाई चषक यांसारख्या मुख्य स्पर्धांपुरती असते; ‘सॅफ’ त्यांत येत नाही. एरवी विंडोबाहेर प्रशिक्षकाला क्लबच्या दारात उभे राहावे लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मध्य आशियाई नेशन्स कपसाठी भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांचे शिबिर सुरू झाले, तेव्हा विंडो अजून उघडायची होती म्हणून काही खेळाडू मिळालेच नाहीत. क्लबला दोष देण्यात अर्थ नाही. पगार ते देतात, आणि खेळाडू जायबंदी होऊन परतला तर नुकसान त्यांचेच. बांगलादेशच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसते. इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्ध पदार्पणात खेळला (सामना ०-० सुटला), कारण तो सामना विंडोत होता. विंडोबाहेरच्या ‘सॅफ’साठी इंग्लिश क्लबने त्याला दोन आठवडे सोडावे, ही अपेक्षा भाबडी आहे. पाकिस्तानचेही बरेच खेळाडू इंग्लंडमध्ये जन्मलेले आहेत. दुहेरी नागरिकत्व नसल्याने भारताला ही वाट जवळपास बंदच. भारताकडून खेळण्यासाठी रायन विल्यम्सला ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडावे लागले.

अर्थात भारतानेही या स्पर्धेला नेहमी पूर्ण ताकदीचा संघ दिलेला नाही. २००९ आणि २०१८ मध्ये ढाक्याला २३ वर्षांखालील संघ गेला होता. पहिल्या वेळी तो मालदीवला टायब्रेकरवर हरवून जिंकला, दुसऱ्या वेळी मालदीवकडूनच १-२ ने हरला.

ती २०१८ ची स्पर्धा स्वरूपाचा दोष समजायला उत्तम आहे. सात संघ, म्हणून एक गट चारचा आणि दुसरा तीनचा. तीनच्या गटात भारताने श्रीलंका आणि मालदीव दोघांनाही २-० असे हरवले आणि त्या दोघांचा आपसातला सामना ०-० सुटला. गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोल सारखे. शेवटी नाणेफेक झाली आणि मालदीव पुढे गेला. एका गुणावर आणि एकही गोल न करता! चारच्या गटात नेपाळ, पाकिस्तान आणि बांगलादेश तिघांचेही सहा गुण झाले आणि यजमान बांगलादेश गोलफरकावर बाहेर पडला. एक गुणवाला आत, सहा गुणवाला बाहेर. पुढे मालदीवने नेपाळला ३-० आणि भारताला हरवून करंडक नेला, तो त्यांनी मैदानावरच जिंकला; पण तिथवर त्यांना नाण्याने पोहोचवले. तीन संघांच्या गटात प्रत्येकाला दोनच सामने मिळतात. तेवढ्यात बरोबरी सुटली नाही तर नियमावलीत तोडगा म्हणून नाणेच उरते.

मग करायचे काय? २०२६ पासून फिफाने सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन विंडो जोडून १६ दिवसांची एकच केली आहे आणि तिच्यात प्रत्येक संघाला चार सामने खेळता येतात. चारचे दोन गट, उपांत्य आणि अंतिम असे धरले तर अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला पाच सामने खेळावे लागतात. ते या मापात बसत नाही. तीनचे दोन गट केले तर चार सामने होतात, पण तेच २०१८ चे दुखणे परत येते. आमच्या मते पाच संघांची एकेरी साखळी घ्यावी आणि गुणतक्त्यात पहिला येईल तो विजेता ठरवावा, वेगळा अंतिम सामना नको. प्रत्येकाला बरोबर चार सामने, एकूण दहा. हे नवीन नाही. १९९३ ला लाहोरला पहिली स्पर्धा चार संघांच्या साखळीचीच होती, तीत अंतिम सामना नव्हता आणि भारत गुणांवर जिंकला. २०२१ ला मालेमध्येही पाच संघांची साखळीच होती, फक्त वर एक अंतिम सामना जोडला होता. शिवाय ती स्पर्धा १ ते १६ ऑक्टोबर चालली आणि विंडो ४ ते १२ होती, म्हणजे दोन्ही टोके बाहेर राहिली.

सदस्य सात आहेत, त्यामुळे पाच निवडायला प्राथमिक फेरी लागेल. क्रमवारीतले वरचे तीन थेट घ्यावेत, खालच्या चौघांच्या दोन जोड्या लावाव्यात आणि मार्च किंवा जूनच्या विंडोत घरी-बाहेर असे दोन सामने खेळवावेत. ती विंडो सोमवार ते पुढच्या आठवड्याचा मंगळवार अशी असते. गुरुवारी पहिला सामना, मंगळवारी परतीचा, मध्ये प्रवासाला पुरेसा वेळ. यातून भूतान किंवा श्रीलंकेसारख्या संघाला घरच्या मैदानावर दक्षिण आशियाई स्पर्धेचा सामना मिळतो, जो एका यजमानाच्या पद्धतीत वर्षानुवर्षे मिळत नाही.

मुख्य स्पर्धेचे वेळापत्रक असे बसते. सोमवारी विंडो उघडते. युरोपातून येणारा खेळाडू रविवारी क्लबचा सामना खेळून मंगळवारपर्यंत पोहोचतो. पहिली फेरी चौथ्या दिवशी, गुरुवारी. पुढच्या फेऱ्या सातव्या, दहाव्या, तेराव्या आणि सोळाव्या दिवशी. दोन सामन्यांमध्ये दोन पूर्ण दिवस विश्रांती, आणि पाच संघ असल्याने प्रत्येक फेरीत एक संघ मोकळा. शेवटच्या फेरीत मोकळा राहणारा संघ क्रमवारीत सर्वांत खालचा असावा, नाहीतर आपला हिशेब संपवून बसलेल्या दावेदाराचे भवितव्य इतर दोघांच्या सोयीच्या बरोबरीवर लटकते. त्या दिवशीचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू व्हायला हवेत. म्हणून यजमानाकडे जवळजवळची दोन मैदाने हवीत. एका मैदानावर रोज दोन सामने खेळवले की दुसऱ्या सामन्याला गवत उखडलेले मिळते, आणि सप्टेंबरअखेरच्या पावसात तर चिखलच. सरावासाठी तिसरे मैदान वेगळे ठेवावे.

समान गुण झाल्यास आधी आपसातील निकाल, मग एकूण गोलफरक, मग केलेले गोल, मग पिवळ्या-लाल कार्डांचा हिशेब. चार सामन्यांनंतर नाण्यापर्यंत जायची वेळ फारच क्वचित येईल.

अंतिम सामना नसेल तर तिकीटविक्री कशी होणार, असे यजमान संघटना विचारतील. प्रश्न रास्त आहे. शेवटच्या फेरीत क्रमवारीतले पहिले दोन समोरासमोर ठेवले तर बऱ्याचदा तोच सामना निर्णायक ठरेल; नेहमी ठरेल असे नाही, ही या पद्धतीची उणीव. दुसरी अडचण २०२६ पुरती आहे: नागोयाच्या आशियाई क्रीडा स्पर्धा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे याच दिवसांत आहेत आणि तिथल्या २३ वर्षांखालील संघाला त्यातलेच काही खेळाडू लागतील.

घरी-बाहेर पद्धतीने संपूर्ण ‘सॅफ’ खेळवण्याची कल्पना मध्यंतरी पुढे आली होती. २०२५ ची स्पर्धा मात्र पुढे ढकलावी लागली. आग्नेय आशियात २०१८ पासून गटात दोन सामने घरी, दोन बाहेर अशी पद्धत चालते. आपल्याकडे ती तशीच उचलता येणार नाही. भारत-पाकिस्तान सामना एकमेकांच्या देशात ठेवला की वेळापत्रक व्हिसाच्या शिक्क्यावर अडते. २०२३ ला व्हिसा उशिरा मिळाल्याने पाकिस्तानचा संघ सामन्याच्या दिवशीच बेंगळुरूत उतरला आणि संध्याकाळी ४-० ने हरला. सुनील छेत्रीची हॅटट्रिक झाली हे खरे, पण तो सामना दोघांसाठी सारख्या परिस्थितीतला नव्हता. म्हणून मुख्य स्पर्धा एकाच, सर्वांना व्हिसा देणाऱ्या देशात घ्यावी. २३ जणांची अंतिम यादी नंतर जाहीर झाली तरी व्हिसाचे अर्ज त्याआधीच्या मोठ्या प्राथमिक यादीवर भरावेत, म्हणजे ऐनवेळी बदली खेळाडू अडकत नाही. फिफाने निलंबित केलेल्या देशाच्या जागी कोण येणार, तेही आधी ठरलेले असावे. २०२१ ला पाकिस्तान आणि २०२३ ला श्रीलंका याच कारणाने बाहेर होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ही वेळ भारतावरही आली होती. ११ दिवसांत निभावले.

आपल्या क्रीडापानाकडून एक छोटी अपेक्षा आहे. भारताच्या प्रत्येक सामन्याच्या बातमीखाली गोल करणाऱ्यांची नावे येतात, त्याच ओळीत सामना विंडोत होता की बाहेर आणि त्याचे वजन किती, एवढे छापावे. अर्ध्या ओळीचे काम आहे.

आपले,
फुटबॉलचे काही प्रशिक्षक व पंच