जुन्या गोधड्या मृगापूर्वी पेटीबाहेर काढाव्यात

महोदय,

आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली, माहेरवाशिणी परतल्या आणि खानदेशातील घराघरांत पावसाळ्यापूर्वीची आवराआवर सुरू झाली. पाहुण्यांसाठी काढलेल्या गोधड्या याच दिवसांत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून, त्यात डांबरगोळ्या टाकून, लोखंडी पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर ढकलल्या जातात. आईची लुगडी आणि वडिलांची धोतरे थरावर थर घालून हाताने शिवलेली ही वस्त्रे बहुतेक घरांत आता पुन्हा शिवली जाणार नाहीत. म्हणून त्यांच्या साठवणीविषयी आपल्या वृत्तपत्रातून काही लिहू इच्छिते.

जपून ठेवलेली गोधडी बहुधा घडीवरच फाटते. शेजारच्या स्त्रिया माझ्याकडे दुरुस्तीला आणतात त्या गोधड्यांच्या मधोमध हमखास एक सरळ रेघ दिसते. तेथील दोरा शाबूत असतो, पण टाक्यांच्या दोन्ही बाजूंचे लुगडे विरून आतले पांढरे धोतर उघडे पडलेले असते. अनेक थरांची गोधडी दुमडली की बाहेरचा थर ताणला जातो, आतला चुरगळतो, आणि वर्षानुवर्षे घडी त्याच जागी राहिली, त्यात वर भांडी किंवा गाद्या रचल्या, की सुती धागे नेमके तेथेच तुटतात.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे गोधडी दुमडूच नये. घरात वापरात नसलेला पलंग असेल तर त्यावर दोन-तीन गोधड्या एकावर एक सपाट पसरून वरून जुनी चादर घालावी. पलंग नसेल तर कापड दुकानात ठाणाची पुठ्ठ्याची जाड नळी मिळते, तिच्यावर धुतलेले सुती कापड गुंडाळून गोधडी उजवी बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळावी. घडी घालणे भागच असेल तर मधोमध न घालता तीन भागांत घालावी, प्रत्येक दुमडीत जुन्या सुती कापडाची जाडसर सुरळी ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी उलगडून घडीची जागा बदलावी. भिंतीवरच्या खुंटीला किंवा दोरीवर मात्र ती कायमची टांगू नये, कारण तिचे सारे वजन मोजक्या टाक्यांवर येते.

प्लॅस्टिकविषयी मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि जुलैत हवा दमट होते. पिशवीत कोंडलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि बुरशी धरते. त्याऐवजी मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे सुती कापड, दोनदा धुऊन, त्यातली खळ पूर्ण काढून, त्यात गोधडीचे बोचके बांधावे. लोखंडी पेटीला गंज असतो, लाकडी फळीतून आणि वर्तमानपत्राच्या कागदातून आम्ल उतरते व कापडावर पिवळे डाग पडतात, म्हणून पेटी आणि फळी दोन्हींना आतून हेच कापड लावावे. जागा निवडताना पत्र्याखालचा माळा आणि धाब्याच्या घरातली गळकी बाजू टाळावी. माजघरातील कोरडी भिंत बरी.

ठेवण्यापूर्वी गोधडी स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. घामाचे, दुधाचे डाग कालांतराने तपकिरी होतात आणि खळीला कसर लागते. मजबूत गोधडी रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावी, पिळू नये, दोघींनी मिळून उचलावी आणि खाटेवर आडवी वाळवावी. रोजच्या पांघरुणाला गच्चीवरचे ऊन खुशाल द्यावे. जुन्या लुगड्यांचे रंग मात्र वैशाखातल्या उन्हाने उडतात, त्यांना सावलीतला वारा पुरे. कडुनिंबाचा पाला घालायचा तर वाळवून, पातळ पुरचुंडीत बांधून घालावा, पण सारी भिस्त त्यावर ठेवू नये. स्वच्छता आणि वेळोवेळी उलगडून पाहणे हेच अधिक उपयोगी पडते.

डांबरगोळ्यांचा प्रश्न कापडापुरता नाही. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असते, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात वा गोधडीत गुंडाळल्याने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. ही कमतरता वरून दिसत नाही. बाळंतिणीच्या खोलीत जाणाऱ्या कोणत्याही कपड्याजवळ या गोळ्या ठेवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ज्या गोधड्या आधीच विरल्या आहेत त्या धुण्याच्या फंदात पडू नये. झटकूनही चालत नाही. वर मलमल धरून हलक्या हाताने धूळ काढावी आणि फाटलेल्या भागावर तीच मलमल विरळ टाक्यांनी बसवावी. मृग लागायला थोडेच दिवस उरले आहेत, तेव्हा हे पत्र शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)