सीमाशुल्क सवलतीबाबत दिलेल्या चुकीच्या सल्ल्याविषयी तक्रार

राजारामपुरी, कोल्हापूर 416008
दिनांक : 13 मे 2024

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मस्कत ते कोल्हापूर घरसामान वाहतुकीत सीमाशुल्क नियमांची चुकीची माहिती दिल्याबाबत, आणि त्यामुळे न्हावाशेवा बंदरात भरावे लागलेले डिमरेज (माल मुदतीपलीकडे पडून राहिल्याचा आकार) परत मिळण्याबाबत.

महोदय,

मस्कतमध्ये नऊ वर्षे नोकरी करून मी 12 मार्च 2024 रोजी पत्नी व दोन मुलांसह कायमचा कोल्हापुरास परत आलो. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मला काम मिळाले होते आणि घरी आईला आमची गरज होती. घरातले सामान वीस फुटी कंटेनरने आणण्याचे काम मी आपल्या कंपनीकडे सोपवले. आपल्या बिलात वाहतुकीच्या रकमेखेरीज ‘सीमाशुल्क सल्ला व मंजुरी’ या नावाने 22,000 रुपयांची वेगळी नोंद आहे आणि ती रक्कम मी आगाऊ भरली आहे. माझी तक्रार मुख्यतः या सल्ल्याविषयी आहे.

दिनांक 5 फेब्रुवारी रोजी मी आपल्या प्रतिनिधींना व्हॉट्सअॅपवर लिहून विचारले होते, की मागील दोन वर्षांत आईच्या आजारपणामुळे मला तीन वेळा कोल्हापुरास यावे लागले, नोव्हेंबर 2022 मध्ये तिच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तर बिनपगारी रजा घेऊन जवळजवळ तीन महिने राहावे लागले, तर त्याचा टी. आर. (ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, म्हणजे परदेशातून कायमचे परतणाऱ्यास घरसामानावर मिळणाऱ्या) सवलतीवर काही परिणाम होतो का. तिन्ही वेळच्या तारखाही मी कळवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला उत्तर आले, ते असे : “साहेब, दोन वर्षांचा रेसिडेन्स व्हिसा आहे ना, मग काही अडचण येणार नाही.” त्या एका वाक्यावर विसंबून मी कंटेनर भरू दिला.

नियम काय आहे, हे मला न्हावाशेवा येथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभे राहिल्यावर कळले. बॅगेज नियम, 2016 मधील नियम 6 आणि त्याचे परिशिष्ट यांनुसार, किमान दोन वर्षे परदेशात राहून परतणाऱ्यास 5,00,000 रुपये किमतीपर्यंतचे वापरातील घरगुती सामान शुल्क न भरता आणता येते. परंतु त्या दोन वर्षांतील भारतातील छोट्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांहून अधिक असता कामा नये आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली असता कामा नये. व्हिसा किती वर्षांचा होता, याला इथे महत्त्व नाही. पासपोर्टवरील येण्याजाण्याचे शिक्के मोजले जातात. अधिकारी महोदयांनी माझ्या पासपोर्टची पाने एकेक करून उलटली, पट्टी ठेवून शिक्क्यांच्या तारखा वाचल्या आणि एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने 41, 88 आणि 63 असे आकडे एकाखाली एक मांडले. बेरीज 192 दिवस आली, म्हणजे सहा महिन्यांच्या वर सुमारे दहा दिवस. तो कागद त्यांनी माझ्याकडे वळवून समजावून सांगितले, की असे असेल तर मी किमान एक वर्ष परदेशात राहिलेल्यांच्या गटात जातो आणि माझी मर्यादा 2,00,000 रुपयांवर येते. दूरचित्रवाणी संच आणि फ्रिज वगळता माझ्या सामानाची किंमत 4,60,000 रुपये धरली होती. उरलेल्या 2,60,000 रुपयांवर 38.5 टक्के दराने 1,00,100 रुपये शुल्क भरावे लागले असते. त्या कार्यालयाविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी नियम पाळला आणि मला बसवून घेऊन समजावला, हे मी मुद्दाम नमूद करतो.

याच परिशिष्टात दोन वेगवेगळ्या शिथिलता आहेत. परदेशातील वास्तव्य दोन वर्षांपेक्षा दोन महिन्यांपर्यंत कमी भरत असेल, तर काही कारणांसाठी ते माफ करण्याचा अधिकार उपायुक्त किंवा सहायक आयुक्त यांना आहे. भारतातील मुक्काम सहा महिन्यांहून जास्त झाला असेल, तर विशेष परिस्थितीत तो माफ करण्याचा अधिकार मात्र प्रधान आयुक्त किंवा आयुक्त यांचाच आहे आणि त्याची कारणे त्यांना लेखी नोंदवावी लागतात. माझे प्रकरण उघडपणे दुसऱ्या प्रकारचे होते. तरीही आपल्या मुंबईतील माणसाने 1 एप्रिल रोजी पहिल्या शिथिलतेचा अर्ज लिहून तो उपायुक्तांकडे दिला आणि त्यासोबत रुग्णालयाचा एकही कागद जोडला नाही. तो अर्ज 8 एप्रिल रोजी परत आला. त्यानंतर मी स्वतः महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईस गेलो, आईचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि माझ्या मालकांचे बिनपगारी रजेचे पत्र जोडून 10 एप्रिल रोजी आयुक्तांच्या नावे नवा अर्ज दिला. त्यावर 22 एप्रिल रोजी अनुकूल आदेश मिळाला आणि 25 तारखेला कंटेनर सुटला.

कंटेनर 22 मार्च रोजी बंदरात उतरला होता. विनाशुल्क दिवस संपल्यानंतर कंटेनर फ्रेट स्टेशनचे (मंजुरी होईपर्यंत कंटेनर ठेवण्याच्या तळाचे) स्थानभाडे आणि जहाज कंपनीचा कंटेनर आकार मिळून माझ्याकडून 71,600 रुपये घेण्यात आले. ज्या तारखा मी आपणास 5 फेब्रुवारीला कळवल्या होत्या, त्यांची बेरीज करण्यास पाच मिनिटेही लागली नसती. ती तेव्हाच केली असती, तर सर्व कागद मस्कत सोडण्यापूर्वीच गोळा झाले असते आणि माल उतरला त्याच दिवशी योग्य अधिकाऱ्यांच्या नावाचा अर्ज देता आला असता.

पैशांपलीकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या कंटेनरमध्ये आईसाठी मस्कतला घेतलेली, कळ दाबून उंच-खाली करता येणारी खाट होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला जमिनीवरून उठता येत नाही. 9 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या सकाळी, तिला नव्या घरी आणण्याचे आम्ही ठरवले होते. गुढी उभारली, पण घरात खाट नव्हती. शेजाऱ्यांकडून आणलेल्या लाकडी बाजेखाली विटा ठेवून ती उंच केली, आणि 27 एप्रिलपर्यंत आई प्रत्येक वेळी दोघांच्या आधाराने त्या बाजेवरून उठली.

आपल्या 30 एप्रिलच्या ईमेलमध्ये असे म्हटले आहे, की सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 77 नुसार सामानाची घोषणा करणे ही प्रवाशाची जबाबदारी असल्याने कंपनी उत्तरदायी नाही. घोषणापत्रावर सही माझी आहे आणि त्यातील प्रत्येक नोंदीची जबाबदारी मी घेतो; घोषणापत्र खोटे होते असे कोणीही म्हटलेले नाही. परंतु सल्ल्याचे 22,000 रुपये घेऊन, नेमक्या विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर देणे, ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे, आणि कलम 77 चा तिच्याशी काही संबंध नाही.

आपली छापील माहितीपुस्तिकाही दुरुस्त करावी, अशी माझी विनंती आहे. ‘दोन वर्षे परदेशात राहिलेल्यांचे सर्व घरसामान शुल्कमुक्त’ हे तिच्या पहिल्या पानावरील वाक्य खरे नाही. एलसीडी, एलईडी किंवा प्लाझ्मा प्रकारचा दूरचित्रवाणी संच परिशिष्टास जोडलेल्या पहिल्या यादीत येतो आणि या सवलतीत बसत नाही. 300 लिटरपेक्षा मोठ्या फ्रिजवर शुल्क पडते, त्याहून लहान फ्रिज मात्र सवलतीत येतो. माझा संच आणि 420 लिटरचा फ्रिज यांवरील शुल्क मी भरले आणि ते मी परत मागत नाही, कारण ते शुल्क देणे लागतच होते. आधी कळले असते तर दोन्ही वस्तू मी मस्कतलाच विकल्या असत्या, इतकेच. पुस्तिकेत पुढे ‘सामान सहा महिन्यांत केव्हाही पाठवता येईल’ असे छापले आहे. नियम 8 नुसार, सोबत न आणलेले सामान प्रवासी भारतात पोहोचल्यापासून एक महिन्याच्या आत तिकडून रवाना व्हावे लागते आणि त्याहून अधिक मुदत हवी असल्यास ती उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांनी दिली तरच मिळते. माझे सामान वेळेत निघाले, हे माझे सुदैव. आपल्या भागातून आखातात कामाला गेलेले अनेकजण मुलांची वार्षिक परीक्षा आटोपेपर्यंत सामान मागे ठेवतात, आणि त्यांनी ही पुस्तिका प्रमाण मानली तर त्यांची सबंध सवलतच धोक्यात येईल.

तरी माझी मागणी अशी, की डिमरेजपोटी भरलेले 71,600 रुपये आणि सल्ल्याचे 22,000 रुपये, असे एकूण 93,600 रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत, आणि पुस्तिका दुरुस्त केल्याचे मला लेखी कळवावे. फेब्रुवारीतील संदेशांच्या प्रती, दोन्ही अर्ज, आयुक्तांचा आदेश आणि स्थानभाड्याच्या पावत्या या पत्रास जोडल्या आहेत. मुदतीत उत्तर न आल्यास मी कोल्हापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा 2019 च्या कायद्याने दिलेली असल्याने त्यासाठी मला आपल्या मुंबईतील मुख्य कार्यालयापर्यंत येण्याची आवश्यकता नाही.

आपला विश्वासू,
(सही)
राजारामपुरी, कोल्हापूर