मेनिंजायटिस पुन्हा झाला, तर एवढी रक्ततपासणी कराच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेनिंजायटिसवरील, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेवरील, आपला लेख वाचला. लक्षणे, लसी, तातडीचे उपचार हे सगळे त्यात नीट आले आहे. मात्र हा आजार नेमका कुणाला गाठतो यात आनुवंशिकतेचाही हात असतो, हा मुद्दा राहिला. आमच्या घराने त्याची मोठी किंमत मोजली आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाला मेनिंजायटिस शाळेत असताना झाला आणि कॉलेजात गेल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा पाठीतून काढलेल्या पाण्यात मेनिंगोकॉकस हाच जिवाणू निघाला. एरवी हा मुलगा ठणठणीत, पोहण्यात पटाईत. तरी ‘प्रतिकारशक्ती कमी पडते, खाण्यापिण्याकडे बघा’ एवढेच आम्हाला सांगितले गेले आणि नातेवाइकांनी सगळा बोल आईला लावला. दुसऱ्या खेपेला त्याचा डावा कान कायमचा गेला.

तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी ‘सीएच-५०’ ही तपासणी लिहून दिली. जंतूंशी लढणारी रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने नीट काम करतात का, हे तिच्यात कळते. आजारपणात ही प्रथिने खर्ची पडतात, म्हणून तो पूर्ण बरा होईपर्यंत थांबलो. नमुना बर्फात ठेवून लगोलग प्रयोगशाळेत पोचवावा लागला, कारण रेंगाळला तर आकडा खोटाच कमी येतो. उत्तर आले शून्य. पुढे कळले की त्याच्या रक्तात यांपैकी सी-६ हे प्रथिनच नाही. सी-५ ते सी-९ ही प्रथिने एकापाठोपाठ एक जुळून जिवाणूच्या आवरणाला भोक पाडतात. त्यातले एक नसले की ते भोक पडत नाही. बाकीच्या बहुतेक जंतूंशी शरीर इतर मार्गांनी लढते, पण मेनिंगोकॉकसचा धोका हजारपटीने किंवा त्याहूनही जास्त वाढतो. एरवी धडधाकट असलेला मुलगा याच एका जंतूपुढे पुन्हा पुन्हा का हरत होता, ते तेव्हा उमगले.

हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. ते स्वतः निरोगीच असतात आणि प्रत्येक अपत्याला तो असण्याची शक्यता चारात एक. माझी तपासणी केली, मलाही तो निघाला. मला आजवर काहीही झालेले नाही. आता आम्ही दोघांनीही मेनिंगोकॉकसच्या दोन्ही प्रकारच्या लसी घेतल्या आहेत, ठरल्या वेळी बूस्टर घेतो आणि ताप आला की घरी वाट न बघता रुग्णालय गाठतो.

असे दोष आणखीही आहेत. ‘आयआरएके-४’ या जनुकातल्या दोषात लहान मुलांना न्यूमोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचा गंभीर संसर्ग होतो आणि ताप मात्र फारसा चढत नाही, ही तर अधिकच फसवी गोष्ट. डेन्मार्कमध्ये दत्तक मुलांवर झालेला एक अभ्यास १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे जन्मदाते पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले, त्या मुलांचा संसर्गाने मृत्यू होण्याचा धोका पाचपटींहून अधिक होता. ही मुले वाढली दुसऱ्या घरात, तरी धोका आला जन्मदात्यांकडून. आईला बोल लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. मेनिंगोकॉकसचा मेनिंजायटिस दुसऱ्यांदा झाला किंवा घरात आधी कुणाला झालेला असला, तर डिस्चार्ज कार्डावर सीएच-५० लिहा आणि सख्ख्या भावंडांनाही बोलवा. पहिल्याच खेपेला लिहिलीत तर फारच उत्तम. आमच्या बाबतीत ती तशी लिहिली गेली असती, तर भावाला दुसऱ्या आजारपणाआधीच लस मिळाली असती.

आपली नम्र,
एक वाचक