आगटीजवळची परात

सेलू, जि. परभणी
१२ डिसेंबर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. लाकडी फळीवर जाळीवर भाजलेलं चिकन, पनीर, मका, ढोबळी मिरची असं सगळं एकावर एक रचलेलं, वरून दोन रंगांचे सॉस ओतलेले आणि मधोमध कोथिंबिरीची जुडी खोचलेली. दिसायला झकास आहे, नाही म्हणत नाही. पण जानेवारीत वर्गातली पंचवीस-तीस डोकी घेऊन तू मळ्यात येणार आणि असंच मांडायचं म्हणतोस, म्हणून आताच बोलतो. दहा मिनिटांत त्यातलं वरचं गार होतं, खालचं वाफेनं ओलं होतं, आणि ज्याला सॉस नको तो नुसता बघत बसतो.

कामून म्हणशील, तर आपला हुरडा आठव. हुरडा कुणी ताटात साठवून ठेवतं का? ज्वारीची कोवळी कणसं आगटीत, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाच्या खड्ड्यात, खुपसायची, दाण्याचा रंग फिरला की काढायची, गोणपाटावर चटके सोसत मळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मूठ-मूठ ज्याच्या त्याच्या हातावर. मूठ संपते तोवर पुढची कणसं तयार. चटण्या मधी मांडलेल्या, ज्याला जी पाहिजे ती तो घेतो. तुझ्या जाळीवरच्या पदार्थांचंही असंच कर. परात मोठी घे, पण एका वेळी तिच्यात सात-आठ जणांना एकेक घास होईल एवढंच येऊ दे. ती रिकामी होऊन परत जाळीकडं आली की पुढचा घाणा. माणसं गरम खातात, आणि भाजणाऱ्यालाही कळतं की काय उडतंय आणि काय तसंच राहतंय.

संभाजीनगरला सीख कबाबवाल्याच्या गाडीपुढं कधी उभा राहिलास तर त्याच्या हाताकडं बघ. सळईवरचं कबाब तो नानच्या घडीत धरून ओढून काढतो, कांदा आणि लिंबाची फोड टाकतो आणि तुझ्या हातात देतो. निखारा ते तोंड, मधी फार काही नाही.

आता विस्तवाचं. आपल्याला दोन लागतील. एक आगटी, गोवऱ्यांची, हातभर खोल खड्ड्यात. ती हुरड्याची, वांग्यांची आणि रताळ्यांची. दुसरा तुझ्या जाळीखालचा, बाभळीच्या कोळशाचा. बाभळीचा कोळसा चांगला तापतो आणि बराच वेळ धग धरतो. गोवरीवर चिकन भाजू देणार नाही, आई घरात घेणार नाही मला, आणि गोवरीचा वास हुरड्याला जसा शोभतो तसा मसाल्याला शोभत नाही. दोन्ही विस्तव तासभर आधी पेटवायचे. कोळशावर राखेचा पांढुरका थर चढला, ज्वाळ बसली, मगच जाळी ठेवायची. ज्वाळेवर ठेवलंस तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चं.

क्रमही लक्षात ठेव, कारण परात रिकामी न राहण्याचं गणित त्यातच आहे. रताळी सगळ्यात आधी, राखेत गाडून. मोठी असली तर पाऊण तास घेतात. त्यानंतर वांगी, त्यांना वीस-पंचवीस मिनिटं. मक्याची कणसं दहा-पंधरा मिनिटांत होतात, पनीर त्याहून लवकर. चिकनच्या तंगड्या आणल्यास तर अर्धा तास धर, बिनहाडाचे तुकडे पाव तासात होतील. हुरडा तर मिनिटांचा खेळ. म्हणजे मंडळी आली की हातावर पहिली मूठ हुरड्याची, मग मका, मग पनीर आणि वांगं, आणि चिकन मागून. पोटातली पहिली आग हुरड्यानं विझली की चिकनवर तुटून पडत नाहीत लोक.

परातीबद्दल. आईची जुनी पितळी परात तुला आवडते, माहीत आहे. पण तिची कल्हई उडालीय, आणि बिनकल्हईच्या पितळेत दही, चिंच, लिंबू काही पडलं की ते कळकतं. म्हणून स्टीलच्या दोन पराती काढून ठेवतो. जानेवारीत सकाळी इकडं हुडहुडी असते, पत्र्यासारखं थंड पडलेलं स्टील गरम तुकड्याची ऊब आधी गिळून टाकतं. म्हणून परात आगटीच्या कडेला दोन विटांवर ठेवून आधी कोमट करायची, हात लावला की ऊब लागेल इतकीच.

आणि परातीच्या तळाला भाकरी अंथरायची. हे आमच्याकडं चालतं आणि तुझ्या फळीला येणार नाही. ज्वारीच्या ताज्या, थोड्या जाडसर भाकरी, कडा एकमेकीवर चढवून. चिकनचा रस, पनीरचं तेल, भाजलेल्या कांद्याचं पाणी सगळं खाली झिरपतं आणि भाकरी ते पिऊन घेते. वरचा माल संपला की ती भाकरी तोडून वाटायची. खरं सांगू, लोक त्या शेवटच्या भाकरीसाठी भांडतात. शिवाय तुकडे थेट धातूवर नसल्यामुळं खालून घामेजत नाहीत. एक कर, परातीवर झाकण घट्ट लावू नको. वाफ आत कोंडली की भाजलेली कड मऊ पडते. विरळ फडकं टाकलं तर धूळही बसत नाही आणि वाफही निघून जाते.

आता चटण्या, म्हणजे तुझ्या भाषेत टॉपिंग. खरी मजा इथंच आहे आणि तू ती दोन बाटल्यांवर भागवायला निघालास! घरी काय-काय होणार ते सांगतो. जवसाची चटणी, भाजून कुटलेली, खाताना तिच्यावर करडईचं तेल. कारळाची, काळीकुट्ट आणि खमंग. शेंगदाणा-लसणाची, ती तर पोरं नुसतीच खातात. हिरव्या मिरचीचा ठेचा, पण मिरच्या तव्यावर नाही, आगटीतच भाजायच्या, लसणासकट, आणि दगडावर जाडाभरडा रगडायच्या. चिंच-गुळाची चटणी, त्यासाठी निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच मागवलीय, भौगोलिक मानांकन मिळालेली. आंबट घट्ट, गर भरपूर. शिवाय मडक्यातलं दही, गूळ, रेवड्या, कांदा, मुळा, कोवळी मेथी, लिंबं, बोरं.

मांडताना कोरड्या चटण्या एकीकडं, ओल्या दुसरीकडं. जवसाच्या वाटीत कुणी दह्याचा चमचा बुडवला की तिचा लगदा झाला म्हणून समज. प्रत्येक वाटीला तिचा चमचा, आणि चमचे जास्तीचे आण, कारण ते मातीत पडतातच. दह्याला मीठ आधी घालू नको, पाणी सुटतं. कांद्याचंही तेच, चिरायचा सगळ्यात शेवटी आणि लिंबू-मीठ ज्याचं त्यानं आपल्या पानात. मका हवा तर थोडा वेगळा घे. लिंबाची अर्धी फोड मीठ-तिखटात बुडवून कणसावर घासायची, बाकी काही लागत नाही त्याला.

कुठल्या भाजलेल्या पदार्थाबरोबर काय जातं यावर आमच्या घरात एकमत नाही. माझं मत: हुरड्याला जवस आणि गूळ, दोन्ही एकाच मुठीत. पनीरला ठेचा, कारण पनीर स्वतः काही बोलत नाही. रताळ्याला दही आणि वर कारळं. चिकनला फक्त लिंबू आणि मुळा, त्याचा मसाला आधीच बोलका आहे. वांग्याचं भरीत करून मधी ठेवलं तर ते स्वतःच चटणी होतं, भाजलेल्या कशावरही चालतं. वांगी मात्र देठासकट भाजायची, देठ धरून साल सोलता येते. भरतात कच्चा कांदा, कोथिंबीर, ठेच्यातली थोडी मिरची आणि कच्चं तेल. फोडणी नको. आगटीचा वास फोडणीनं मरतो.

एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठं नाही, आणि माझ्या दृष्टीनं तीच सगळ्यात मोठी आहे. एकाच परातीत सगळं ठेवायचं म्हणतोस, पण आपल्या वर्गातले निदान चौघं-पाच जण आता माळकरी आहेत. त्यांच्यापुढं चिकन आणि पनीर एका परातीत आलं तर ते काही बोलणार नाहीत, पाणी पिऊन उठतील. चांगलं दिसेल का ते? म्हणून पराती दोन, जाळ्या दोन, चिमटे दोन. शाकाहारी परात आगटीकडच्या बाजूला, चिकनची दुसऱ्या टोकाला, आणि चटण्यांच्या वाट्यासुद्धा दोन जोड. चिकनच्या हातानं कुणी शाकाहारी ठेच्यात चमचा घातला की मग किती समजावलं तरी उपयोग नाही. चिकन हलालचंच आण, म्हणजे मोंढ्याकडचे आपले दोन्ही दोस्तही पोटभर खातील. तारीख ठरवताना पंचांगात एकादशी बघून घे, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार टाळ. रविवार बरा.

चिकन तू पुण्याहून मुरवून आणणार म्हणतोस. आण, पण बर्फाच्या डब्यात, आणि बर्फ वितळला असेल तर इथं आल्यावर मला सांग, लपवू नको. कच्चं ज्या भांड्यात होतं त्यात भाजलेलं परत ठेवायचं नाही, आणि कच्च्याला लावलेला चिमटा भाजलेल्याला लावायचा नाही. उरलेला मसाला चटणी म्हणून परातीवर ओतायची तुझी जुनी सवय आहे. तो कच्च्या चिकनचं पाणी प्यालेला असतो, खळखळ उकळल्याशिवाय तो नको. तुझ्याकडं ते सुईचं थर्मामीटर आहे ना? घेऊन ये. सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध, हाडाला न टेकवता खुपसायचं, ७४ अंश दाखवलं की झालं. उतरवल्यावर पाच मिनिटं तसंच राहू दे, लगेच कापलं तर सगळा रस परातीत. अर्थात तळाला भाकरी आहे, वाया काही जाणार नाही! भाजलेलं दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहिलं तर ते संध्याकाळी गरम करून वाढायचं नाही. तेवढं उरूच नये, म्हणून तर छोटे घाणे.

मापं विचारलीस. चिकन खाणाऱ्यांना माणशी पावशेर धर, हाडासकट. बाकीच्यांना पनीर शंभर ग्रॅम, एक कणीस मक्याचं, अर्धं रताळं. भाकरी घरून येतील, त्याची काळजी करू नको. कोळसा मी आणून ठेवतो.

हुरड्याची चिंता नाही. धुऱ्याकडच्या पट्ट्यात या वर्षी परभणी वसंत पेरलाय, आपल्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठीच काढलेला वाण. दसऱ्याच्या आसपास पेरला, म्हणजे संक्रांतीच्या आगंमागं दाणा हुरड्यात येईल. पण हा माल आठ-दहा दिवसांचाच असतो. दाणा दाबला की दूध येतं ते लवकर, आणि पीठ झालं की उशीर. मधल्या दिवसांत गाठायचं. तेव्हा तारीख एकदा कळवलीस की पुढं-मागं करू नको. लोकांच्या सुट्ट्या बघून तू तारीख फिरवतोस हे मला पक्कं माहीत आहे, ज्वारी मात्र कुणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही.

जाळी कुठं मांडायची तेही ठरवून टाकलंय. गोठ्याच्या मागं नको, तिकडं कडब्याची गंजी आहे आणि वाऱ्यावर ठिणगी उडाली तर आपला सगळा चारा जाईल. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत, चिंचेच्या सावलीला, पाण्याचा ड्रम शेजारी भरलेला. वारा कुठून येतो ते सकाळी बघू आणि माणसं धुराच्या उलट बाजूला बसवू. गोणपाटं, चटया आहेत. पत्रावळ्या पळसाच्या घेईन, सेलूच्या बाजारात मिळतात, थर्माकोलच्या आणू नको. खाऊन झाल्यावर त्या खड्ड्यात जातील.

एकच काम तुझ्याकडं. किती माळकरी, किती चिकनवाले, किती लेकरं, आणि तिखट न खाणारं कुणी आहे का, ही यादी पंचवीस तारखेच्या आत पाठव. लेकरांसाठी ठेचा वेगळा करावा लागतो, मिरची अर्धी आणि शेंगदाणे दुप्पट. आणि चमचे. चमचे विसरू नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आई विचारत होती की तू अजून रेवड्या खिशात भरून नेतोस का.

तुझा,
मळ्यातला दोस्त