नागपूरच्या महाल भागातल्या स्टुडिओवाल्या काकांना, अल्बम पोचल्याचं पत्र

काका, सा. न. वि. वि.

अल्बम पोचला. मावसभावाच्या बॅगेत संत्रा बर्फी आणि पापडांच्या मधे होता, तरी एक कोपरा दुमडला नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण दुकानात आभार मानले की तुम्ही ‘जाऊ दे नं बाई’ म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापायला घेता. इथे तुम्हाला कटर सापडणार नाही. सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो, नवरा अमेरिकन नागरिक आहे आणि आम्हाला भारतातून मूल दत्तक घ्यायचं आहे. परदेशात राहणाऱ्यांना थेट अनाथाश्रमात जाऊन मूल मागता येत नाही, आणि ते बरंच आहे. राहत्या देशातल्या मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत अर्ज जातो. समाजसेविका घरी येऊन होम स्टडी, म्हणजे घराची आणि माणसांची चौकशी करते, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून आय-८००ए फॉर्म (परदेशातलं मूल दत्तक घ्यायला आम्ही योग्य आहोत, याचा) मंजूर व्हावा लागतो, मग दिल्लीच्या ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे, नोंदणी. आमच्या दोघांच्या वयांची बेरीज ८९. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही बेरीज ८५ च्या वर चालत नाही, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० पर्यंत चालते. आम्ही चार ते आठ लिहिलं. म्हणजे पाळण्यातलं बाळ नाही, पाहून ‘हे कोण’ विचारणारं मूल.

पण हे मला तुमच्या दुकानात येईपर्यंत कळलं नव्हतं. फॉर्मवर वय मीच लिहिलं होतं, तरीही.

पोळ्याच्या चार दिवस आधी मी पेन ड्राइव्ह घेऊन आले. एजन्सीची यादी होती: दोघांचा फोटो, घर बाहेरून, घर आतून, मुलाची खोली, दोन्हीकडचे नातेवाईक, शेजार, आणि प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत दोन ओळी. एका लॅबमधून आधी प्रिंट काढून झाले होते. त्यात आमचं सगळं खानदान काविळीतून उठल्यासारखं दिसत होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ते एकेक पाहिले. लग्नातले, नायगाऱ्याचे, तोंड वाकडं केलेल्या सेल्फ्या.

“हे कोण?”

“मी, काका.”

“मंग गॉगल काढ ना.”

मग विचारलंत, अल्बम पाहणार कोण. मी म्हटलं एजन्सी, समाजसेविका, दिल्लीचं ऑफिस. तुम्ही म्हणालात, “अन् लेकरू?”

एजन्सीने ते सांगितलं होतं. मूल ठरल्यावर एक छोटा अल्बम ते राहतं त्या संस्थेत पाठवतात, तिथल्या ताई तो मुलाला रोज दाखवतात, म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा दारात दोन परके उभे आहेत असं त्याला वाटू नये. मी ठरवलं होतं की एकाच अल्बममधे दोन्ही कामं उरकू. तुम्ही ते दोन मिनिटांत मोडून काढलंत. ऑफिसांसाठी मोठा आणि लेकरासाठी छोटा, असे दोन अल्बम ठरले. म्हणालात, तीस वर्षं शाळांचे ग्रुप फोटो काढले, फोटो हातात दिला की लेकरू सगळ्यात आधी आपलं तोंड शोधतं. “आता ह्या अल्बमात त्याचं तोंडच नाही. मंग ते काय शोधून राहीन?”

काका, होम स्टडीत आम्हाला शंभर प्रश्न विचारले असतील. पगार, आजार, भांडण झालं की कोण आधी बोलतं. पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

उत्तरही तुम्हीच काढलंत. त्याला पानापानावर तीच दोन तोंडं सापडली पाहिजेत, मोठी, हसरी, त्याच कपड्यांत. म्हणून माझा तो निळा कुर्ता आणि नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट. फुटाळा तलावावर तोच कुर्ता, आईच्या ओसरीवर तोच, नवरा कणसं भाजतो आहे तिथेही तोच शर्ट. चार दिवस रात्री कुर्ता धुवायचा, पावसात वाळत नाही म्हणून इस्त्रीने वाळवायचा आणि सकाळी परत अंगात घालायचा. मावशी म्हणाली, अमेरिकेत राहून एकच कुर्ता आहे का हिच्याकडे. तो कुर्ता आता मी घालत नाही, घडी करून ठेवला आहे. मुलाला भेटायला जाईन त्या दिवशी घालीन.

कागदाचंही तसंच. मी चकचकीत ग्लॉसी मागितला होता. तुम्ही ट्यूबलाइटखाली एक ग्लॉसी आणि एक मॅट प्रिंट धरून दाखवलात. ग्लॉसीवर माझा चेहरा गेला आणि पांढरा पट्टा उरला. तुमच्या अंगठ्याचा ठसा उठला तो वेगळाच. मॅटवर बोटं दिसत नाहीत, आणि बॉलपेन घसरत नाही. पेन कशाला, तर नावं लिहायला. मी फोटोखाली मराठीत ‘आई’, ‘बाबा’, ‘आजी’ छापायला सांगणार होते. तुम्ही म्हणालात, लेकरू ओडिशाचं निघालं, झारखंडचं निघालं, मंग तुझं मराठी कोण वाचीन? प्रत्येक फोटोखाली बोटभर पांढरी पट्टी कोरी सोडलीत. संस्थेतल्या ताई त्याच्या बोलीत लिहितील. आजी असेल, जेजेमा असेल, जे असेल ते.

आता आईच्या हातांचं. हे लिहू की नको, असं दोन वेळा झालं. आईलाच विचारलं, ती लिही म्हणाली.

आईच्या दोन्ही हातांवर कोड आहे, मी सातवीत असल्यापासून. कुठल्याही फोटोत पाहा, तिचे हात पदराखाली. माझ्या लग्नाच्या अल्बममधेसुद्धा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या लाकडी बैलांचा सण) तुम्ही घरी आलात तेव्हा ती माझा लहानपणचा लाकडी नंदीबैल सजवत होती. एका शिंगाचं टोक उडालेलं, चाकं कुरकुरणारी. झूल बांधायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे पदर सुटला होता. तुम्ही काही न बोलता जमिनीवर बसून फोटो काढलात. बैलाच्या गळ्यात घुंगरांची दोरी, गाठ मारणारी बोटं, अर्धी सावळी, अर्धी पांढरी, आणि वर आईचं लक्ष नसलेलं तोंड.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर तो पाहून मी म्हटलं, काका, हात थोडे एकसारखे करून द्या ना. तुम्ही लग्नाच्या फोटोंत नवऱ्यामुलींना गोरं करता, मुरूम पुसता, हे मला माहीत होतं. पाच मिनिटांचं काम. तुम्ही माउस सोडलात. “ते पैसे देतात, त्याहिले पाहिजे असते म्हणून करतो. हे नाही करत मी. लेकरू येईन, आजी जेवाले वाढीन, तवा त्याले हात दिसनच ना. मंग म्हणीन, फोटोतली आजी कुठं गेली?”

आई मागे स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, “असू दे गं. तसाच छाप.” अल्बममधे हाच फोटो सगळ्यात मोठा आहे.

माझ्या बाबांच्या फोटोवरून आपलं भांडण झालं, त्याबद्दल माफ करा. मला ते पहिल्या पानावर हवे होते. जो माणूस लेकराला भेटणार नाही तो पहिल्या पानावर नको, हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. मला ते त्या दिवशी ऐकायचं नव्हतं, इतकंच. तुम्ही ओसरीतला फोटो पुन्हा घेतलात, मागच्या भिंतीवरचे बाबा चौकटीत येतील असा. कुणी विचारलं तर आहेत, नाही विचारलं तर भिंतीवर आहेत.

आता इकडची खबर. ऑफिसांसाठीचा मोठा अल्बम होम स्टडीबरोबर गेला. समाजसेविकेने तो पाहताना विचारलं की आजींच्या हातातलं खेळणं काय आहे, आणि मी पंधरा मिनिटं पोळ्यावर बोलले. आय-८००ए मंजूर होऊन आला, ‘कारा’कडे नोंदणी झाली. पुढे मूल सुचवतील, मग ना-हरकत, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (२०२२ पासून हे काम कोर्टाकडून त्यांच्याकडे आलं आहे), मग पासपोर्ट. कधी, ते मला विचारू नका. आईने विचारणं सोडलं आहे.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. संस्थेनेही मुलाचा आठवणींचा अल्बम करायचा असतो, आणि मूल ताब्यात देताना तो आई-बाबांना द्यायचा असतो. आपला अल्बम तिकडे जाईल, तिकडचा इकडे येईल. त्यात त्याचं तोंड असेल. शिवाय मूल आल्यावर दोन वर्षं अहवाल पाठवायचे, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, आणि सोबत फोटो. एकूण सहा वेळा. प्रत्येक वेळी नागपूरला यायला जमणार नाही, पण एकदा तरी तुमच्या पडद्यासमोर बसवीन.

छोटा अल्बम माझ्या टेबलाच्या खणात आहे. पांढऱ्या पट्ट्या कोऱ्या.

आणि पैशांचं. आईने दुसऱ्या कॉपीचे सातशे रुपये काउंटरवर ठेवले, ते तुम्ही तिच्या भाजीच्या पिशवीत परत टाकलेत. घरी मेथी निवडताना सापडले. आता आई ते पोळ्याला तुमच्या नातीच्या हातात बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची मुलांची भेट, म्हणून देणार आहे. बोजारा परत करत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
निळ्या कुर्त्यावाली