सह्याद्रीच कशाला, बालाघाट आहे की!

संपादक साहेब, नमस्कार.

ट्रेकिंग म्हटलं की आपली पोरं रात्रभर गाडी चालवत पुणे-नाशिककडं जातात, पण घराजवळची, आपल्या बीडची बालाघाट डोंगररांग कुणी बघतच नाही. मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं मांजरसुंब्याजवळच्या एका डोंगरावर मुक्कामी गेलो, पायथ्याच्या शेतमालकाला आधी विचारलं, त्यांनी हुरडा भाजून दिला अन् वर सांगितलं की ओढ्यात तंबू ठोकू नका, थंड हवा जड असते, रात्री ती खाली उतरून खोलगटातच साचते. खरंच, वर उतारावर बरं होतं. खाली चटई अन् जाड घोंगडी पाहिजेच, कारण अंगातली ऊब जमीनच ओढून घेते. १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीकडून उल्का पडतात, त्या बघत भाकरी-ठेचा खाल्ला, काय सांगू!

पण सकाळी उतरताना दुसरा एक अख्खा उतार जळालेला दिसला, कुणीतरी शेकोटी तशीच सोडून गेलेलं. लई वाईट वाटलं. ह्या दिवसांत कुसळी गवत पार वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते, अन् तोच गुरांचा उन्हाळ्यातला चारा असतो. कृपया जाणाऱ्यांनी डोंगरावर शेकोटी पेटवू नये, स्वेटर जास्त घ्या. अन् वनखात्याची जागा असेल तर परवानगी काढूनच जा.

– एक वाचक, बीड